वर्गातला खडा

सकाळी अकरा वाजता दिवे घालवले, पडदा खाली आला आणि वाकोडे मॅडमनी चौकशी समितीसमोर चूक केली.

चूक व्हिडिओत होती. खऱ्या मॅडम पडद्याच्या डाव्या बाजूला खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन, आणि स्वतःलाच पाहत होत्या. पडद्यावरच्या मॅडमनी फळ्यावर गणित मांडलं. लहान मूल आहे. दोनशे चाळीस मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. वॉर्डातले लहान मुलांचे सलाईनच्या नळ्यांचे सेट संपले आहेत, म्हणून मोठ्यांचा साधा सेट लावला आहे. मिनिटाला किती थेंब सोडायचे? त्यांनी सूत्र लिहिलं, आकडे घातले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"तीस थेंब," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या. "लिहून घ्या."

तिथे व्हिडिओ संपला. विद्यापीठाचं बोधचिन्ह गोल फिरत आलं आणि त्याखाली ओळ उमटली : ज्ञान सर्वांसाठी, विनामूल्य. कुणीतरी दिवे लावले.

उत्तर दहा आहे. लहान मुलांच्या सेटमधून एका मिलिलिटरचे साठ थेंब पडतात, साध्या सेटमधून वीस. मॅडमनी सेट साधा सांगितला आणि आकडा साठचा घातला. या हिशेबाने साधा सेट चालवला तर मुलाच्या अंगात तिप्पट वेगाने पाणी जातं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ते तसं गेलं होतं. जुलाबाने आलेलं मूल, वजन वयाच्या मानाने कमी. बाटली लवकर संपली म्हणून दुसरी लावली गेली. पहाटे मुलाला श्वास घेता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, तिथे ते वाचलं. ड्युटीवरच्या नर्सला निलंबित करण्यात आलं. तिने खुलाशात लिहिलं की मी विद्यापीठाच्या व्हिडिओवरून शिकले आहे, आणि खाली व्हिडिओचा पत्ता दिला. स्थानिक पेपरात बातमी आली. विद्यापीठाने समिती नेमली.

विद्यापीठाचं नाव मी इथे देत नाही. नर्सचं नाव बदललं आहे. तिला अश्विनी डाबेराव म्हणते. ही हकीकत लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिहा न. आता काय."

समितीने एकच गोष्ट ठरवायची होती : चूक शिकवणाऱ्याची की आणखी कुणाची. शिकवणाऱ्याची ठरली तर मॅडमना पुन्हा वर्गावर उभं राहता येणार नव्हतं. तसं त्यांना आलेल्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं. मॅडमनी उत्तरादाखल तीन वाक्यं पाठवली. चूक मुद्दाम केली होती. माझी तीच पद्धत आहे. कु. संघमित्रा तायडे हिने ती त्याच तासाला फळ्यावर दुरुस्त केली.

तायडे म्हणजे मी. तेव्हा शहरातल्या एका रुग्णालयात नोकरीला होते. सुट्टी टाकून आले होते. आमच्या वर्गातल्या बाकीच्या मुलीही यायला तयार होत्या. समितीने कळवलं की एक साक्षीदार पुरे.

अध्यक्ष डॉ. कोलते निवृत्त अधिष्ठाता होते. पांढरे केस, सौम्य आवाज, समोर चहाचा कप झाकून ठेवलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तायडे सिस्टर, आत्ता जो व्हिडिओ पाहिला, त्यात तुम्ही कुठे आहात?"

"नाही सर. मी त्यात नाही."

"आवाज?"

"तोही नाही."

"मग तुम्ही चूक दुरुस्त केली, हे आम्ही कशावरून समजायचं?"

मी म्हटलं, मी वर्गात होते, हजेरीपटावर नोंद असेल. विद्यापीठाचे व्हिडिओ तयार करणाऱ्या ई-आशय केंद्राचे संचालक डॉ. ठोसर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी हळूच सांगितलं की हजेरीपटावर उपस्थिती लिहितात, कोण काय बोललं ते लिहीत नाहीत. ते बरोबरच होतं. मग डॉ. कोलतेंनी मला मॅडमची पद्धत काय ती सांगायला सांगितली.

मी सांगितलं ते असं.

मॅडमच्या प्रत्येक तासाला एक चूक असायची. कुठे, ते आधी कळायचं नाही. कधी औषधाच्या मात्रेत, कधी इंजेक्शनच्या जागेत, कधी नुसत्या क्रमात. मॅडम ती इतक्या सहज करायच्या की पहिले दोन महिने आम्हाला वाटलं, बाईंना नीट येत नाही. आमच्यातल्या फिरदोसने एकदा तशी तक्रार करायचं ठरवलं, आणि तक्रार लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की चूक आपल्याला सापडली आहे. दुसऱ्या दिवशी तिने हात वर केला. मॅडमनी काही न बोलता खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

तेव्हापासून आम्ही त्याला खडा म्हणायला लागलो. भात खाताना दाताखाली येतो तसा. मेसमध्ये जेवताना विचारायचो, आज खडा लागला का? ज्या दिवशी लागायचा नाही त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. कारण मॅडम सांगायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही. आम्ही वह्या उघडून बसायचो, पुस्तकं काढायचो, भांडायचो आणि शोधून काढायचो.

खडा सापडला की नियम ठरलेला. ज्या मुलीने हात वर केला तिने फळ्यावर जायचं आणि सगळं नव्याने मांडायचं. मॅडम मागे बसायच्या. मुलगी अडखळली तरी मदत नाही. मांडून झालं की त्या उठून पुढे यायच्या आणि पुढचा विषय सुरू करायच्या. शाबासकी वगैरे काही नाही.

असं का करता, म्हणून आम्ही एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वॉर्डात डॉक्टरांनी कागदावर चुकीचं लिहिलं तर ते तुम्हाला कोण सांगणार आहे? तुम्हीच त्यांना सांगायचंय. आणि मोठ्या माणसाला 'हे चुकलं' म्हणायला जीभ उचलत नाही. ती इथे उचलायला शिका. माझ्यावर शिका."

डॉ. कोलते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. एका सदस्याने विचारलं की व्हिडिओसाठी तरी मॅडमनी सरळ शिकवायला हवं होतं, नाही का? मॅडमनी डॉ. ठोसरांकडे पाहिलं.

डॉ. ठोसरांबद्दल इथे नीट लिहायला हवं, कारण त्यांच्याबद्दल वाईट लिहिणं फार सोपं आहे. खुल्या अभ्यासक्रमाची कल्पना त्यांची होती. विद्यापीठातलं चांगलं शिकवणं भिंतींच्या आत का कुजावं, असं ते म्हणायचे, आणि ते नुसतं म्हणायचे नाहीत. स्वतः कॅमेरे मिळवले, निधी मिळवला, तालुक्या-तालुक्यांत फिरून महाविद्यालयांना सांगितलं की आमचे तास घ्या, पैसे नको, परवानगी नको, डाउनलोड करा, वाटा. वाकोडे मॅडमचा वर्ग निवडला तोही त्यांनीच. मॅडम नको म्हणत होत्या. ठोसर म्हणाले होते, "तुम्ही रोज शिकवता तस्संच शिकवा मॅडम. मला नाटक नकोय, वर्ग हवाय." हे वाक्य आमच्या समोर बोललं गेलं होतं. कॅमेरावाला मागे उभा होता आणि आम्ही सगळ्या केस नीट करत होतो.

समितीसमोर ठोसरांनी ते नाकारलं नाही. म्हणाले, हो, मी तसं म्हणालो होतो.

"मग विद्यार्थिनी व्हिडिओत का नाहीत?" डॉ. कोलतेंनी विचारलं.

त्यासाठी निखिल धांडेला आत बोलावलं. निखिल केंद्रात व्हिडिओ संपादक होता, कंत्राटावर. तो उभाच राहिला. त्याने सांगितलं की चित्रीकरण झाल्यावर केंद्राची संपादनाची नियमावली आली. विद्यार्थ्यांचे चेहरे दाखवायचे नाहीत, कारण त्यांची लेखी संमती घेतलेली नाही. विद्यार्थ्यांचे आवाज ठेवायचे नाहीत, कारण माइक फक्त शिक्षकाला असतो आणि मागचे आवाज खराब येतात. शिक्षक बोलत नसेल तो भाग कापायचा. आणि एका व्हिडिओत एकच मुद्दा.

"म्हणजे?" कोलते म्हणाले.

"म्हणजे सर, मॅडमनी 'लिहून घ्या' म्हटलं. मग मागून आवाज आला, तो काढला. मग मॅडम दिसेनाशा झाल्या, त्या मागे जाऊन बसल्या. फळ्यावर या उभ्या होत्या." त्याने माझ्याकडे बोट केलं. "यांचा चेहरा होता, तो काढला. मॅडम बोलतच नव्हत्या. मग मॅडम पुढे आल्या आणि दुसरा मुद्दा सुरू केला. तिथून पुढचा व्हिडिओ."

"तुम्हाला कळलं नाही की गणिताचं उत्तर चुकलंय?"

"मी बी.ए. आहे सर," निखिल म्हणाला. "मॅडमनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. मला वाटलं, झालं."

एक सदस्य हसला आणि लगेच गंभीर झाला. कोलतेंनी विचारलं की मूळ चित्रीकरण कुठे आहे. ते पुसलं होतं. व्हिडिओ साइटवर गेला की डिस्क मोकळी करायची, पुढच्या विषयाला ती लागते. सगळ्यांचंच पुसलं होतं. केंद्रात जागा कमी होती.

ठोसरांनी एक कागद पुढे सरकवला. व्हिडिओ प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाला पाहायला पाठवला होता. ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही तर संमती समजली जाईल, असं त्यात लिहिलं होतं. मॅडम तेव्हा परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होत्या. परत आल्यावर त्यांनी तो पाहिला का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही. माझा तास मला माहीत होता."

हे वाक्य त्यांच्या बाजूने गेलं नाही, हे मला तिथेच कळलं.

मग ठोसर थोडे चिडले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण जगातल्या कुठल्या विद्यापीठाच्या व्हिडिओत शिक्षक मुद्दाम चुकतो?"

मॅडम म्हणाल्या, "आणि कुठल्या वर्गातून विद्यार्थी काढून टाकतात, ठोसर सर?"

डॉ. कोलतेंनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

बाहेर व्हरांड्यात बाकावर एक मुलगी बसली होती. मोबाईल हातात, पण त्यात पाहत नव्हती. आतलं बोलणं तिला दारातून ऐकू आलं असावं. पायात नवी चप्पल, टाचेला पट्टी. माझ्याकडे बराच वेळ पाहून तिने विचारलं, "ताई, त्या तुमीच का? ज्याइनं बरोबर करून देलं?"

मी हो म्हटलं आणि मग कळलं की ही अश्विनी. तिची पाळी जेवणानंतर होती. एकटीच आली होती. भाऊ येणार होता, त्याला कामावरून सोडलं नाही. मी तिला डबा दिला. तिने अर्धी पोळी घेतली.

तिच्या महाविद्यालयाबद्दल तिने सांगितलं ते मी नंतर दुसरीकडून तपासून घेतलं, आणि ते खरं निघालं. तालुक्याचं नर्सिंग महाविद्यालय. या विषयाला शिकवणारी बाई सोडून गेली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. मग विद्यापीठाचे व्हिडिओ आले. प्राचार्यांनी वर्गात भिंतीवर मोठा टीव्ही लावला. कार्यालयातला कारकून तासाच्या वेळी येऊन पेनड्राइव्ह लावायचा, टीव्ही सुरू करायचा आणि दारात खुर्ची टाकून बसायचा. हजेरी तोच घ्यायचा. रिकामं पद भरण्याचा प्रस्ताव मागे पडला, कारण तास तर होत होते. अश्विनीचा अख्खा विषय असा झाला. ती म्हणाली, मॅडम फार छान शिकवतात, आम्ही सगळ्या त्यांची नक्कल करायचो. 'लिहून घ्या' असं म्हणून दाखवायचो.

मग तिने पोळीचा तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला.

"ताई, एक सांगू का? कोनाले बोलू नका."

"बोल."

"मले तवाच समजलं होतं. साधा सेट म्हटलं अन् साठ घेतले. म्या म्हटलं, इथं वीस पाह्यजे."

"कुणाला म्हटलं?"

"वर्गातच. मोठ्यानं म्हटलं. पोरी हासल्या. कारकून काका दारातून म्हणाले, चूप बैस. इद्यापीठ चुकलं अन् तू बरोबर?" ती थांबली. "मंग म्या वहीत खोडलं, अन् तीस लिहिलं."

आत अर्धा दिवस आम्ही हेच सिद्ध करत होतो, की मॅडमची चूक मुलीला पकडता येते, ती पकडण्यासाठीच असते. त्याचा पुरावा बाहेर बाकावर बसला होता. मी तिला म्हटलं, हे आत सांग. मॅडम सुटतील. तिने विचारलं, खरंच सुटतील का? मी म्हटलं, चल, त्यांनाच विचारू.

मॅडम इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ एकट्या उभ्या होत्या. मी अश्विनीची ओळख करून दिली. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या, पण अश्विनी त्यांच्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. तिने वाकून नमस्कार केला. मॅडमनी तिला अर्ध्यात धरलं आणि मूल कसं आहे ते विचारलं. बरं आहे, घरी गेलं, असं तिने सांगितलं. मग तिने मला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. तिची नजर खाली होती.



"वीस कसे काढलेस?" मॅडमनी विचारलं.

"सेटच्या पाकिटावर लिहिलं असते न मॅडम. प्रात्यक्षिकाले पायलं होतं."

"मग एकदाच का बोललीस? पुन्हा हात का नाही वर केलास?"

अश्विनीने मान वर केली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण उत्तर तिच्याकडे तयार होतं, बहुतेक फार दिवसांपासून.

"केला होता न, मॅडम. तुमी थांबल्याच नाई. तुमी त 'लिहून घ्या' म्हणल्या, अन् पुढचं चालू झालं."

मॅडमनी टाकीच्या कठड्यावर हात ठेवला. मी पुढे झाले. त्यांनी मला थांबवलं. मग त्या अश्विनीशी बोलल्या ते वर्गात बोलायच्या तसंच, हळू आणि एकेक शब्द सुटा.

"हे आत सांगायचं नाही."

मी म्हटलं, "मॅडम, पण यानेच तर..."

"तू गप्प बस तायडे." मग अश्विनीला म्हणाल्या, "नीट ऐक. चुकीचं शिकलेल्या मुलीला ते माफ करतील. येत असून चुकीचं केलेल्या मुलीला करणार नाहीत. तुला येत होतं, हे त्या खोलीत कळलं की सगळ्यांचं काम झालं. माझंही, ठोसरांचंही, तुझ्या प्राचार्यांचंही. मग चौकशी कसली? सगळं तुझ्यावर."

"पन मॅडम, तुमाले वर्गावर..."

"ते माझं मी बघेन."

अश्विनी रडली नाही. तिने विचारलं, मग मी काय सांगू? मॅडम म्हणाल्या, विचारतील तेवढंच सांग. व्हिडिओत होतं तसं केलं, म्हण. ते खोटं नाही.

सुट्टीनंतर अश्विनीला आत घेतलं. मला मागे बसायची परवानगी होती. ती सांगितल्यासारखी बोलली. मग डॉ. ठोसरांनी अध्यक्षांची परवानगी घेऊन एक प्रश्न विचारला. आवाज मऊ होता. "बेटा, तुमच्या वर्गात इतक्या मुली होत्या. उत्तर चुकतंय, हे एकीच्याही लक्षात आलं नाही का?"

ते का विचारत होते, हे सांगता येत नाही. कदाचित त्यांना खरंच जाणून घ्यायचं असेल. तीन वर्षं ते याच एका प्रश्नासाठी जगले होते : ही मुलं त्यातून शिकतात का? हेही लिहायला हवं की तो व्हिडिओ नसता तर अश्विनीला ते सूत्रसुद्धा माहीत झालं नसतं. ठोसरांनी सकाळी तसं म्हटलं होतं.

अश्विनीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम समोरच्या बंद पडद्याकडे पाहत होत्या.

"नाई सर," ती म्हणाली. "कोनालेच नाई समजलं."

ठोसर मागे टेकले. ते दुखावलेले दिसले.

डॉ. कोलतेंनी मला शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे? मी मॅडमकडे पाहिलं नाही. नाही म्हटलं.

अहवाल पुढच्या महिन्यात आला. मूळ चित्रीकरण उपलब्ध नाही. शिक्षिकेच्या म्हणण्याला एका माजी विद्यार्थिनीखेरीज दुजोरा नाही, आणि एका साक्षीदारावर निष्कर्ष काढता येणार नाही. सदोष पद्धतीने अध्यापन केल्याचा ठपका श्रीमती वाकोडे यांच्यावर ठेवण्यात येत आहे. केंद्राने नियमांचं पालन केलेलं आहे. तथापि यापुढे अधिक काळजी घ्यावी. चित्रीकरणात मी फळ्यावर होते, हे निखिलने सांगितलं होतं, ते अहवालात कुठेच नव्हतं. अश्विनीला ताकीद देऊन कामावर परत घेतलं. अहवालात तिच्याविषयी एक वाक्य होतं, की तिने शिकवल्याप्रमाणे प्रामाणिकपणे काम केलं.

मॅडमना परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांच्या गोदामावर नेमलं. त्या तिथे रोज वेळेवर जायच्या. एकदा मी भेटायला गेले तेव्हा गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी म्हटलं, निदान मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "काय बोलली असतीस? आणि चहा घेणार का?"

ठोसर स्वतः त्यांच्याकडे गोदामात गेले होते, हे मला निखिलने सांगितलं. त्याचं कंत्राट तोवर संपलं होतं, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलत होता. ठोसरांनी मॅडमना तो एक तास पुन्हा करून द्या म्हणून विनंती केली. तुमच्याइतकं सोपं कुणी शिकवत नाही, म्हणाले. वर्गावर बंदी होती, कॅमेऱ्यासमोर नव्हती. मॅडम म्हणाल्या, देते. समोर मुली बसवा आणि त्यांना कापू नका. ठोसर म्हणाले, पाहतो. पुढे काही झालं नाही. नंतर दुसऱ्या एका शिक्षिकेने तो तास रिकाम्या स्टुडिओत केला. गणित तेच आहे. साधा सेट, वीस थेंब, उत्तर दहा. त्यात कुठेही चूक नाही. तो खूप ठिकाणी लावला जातो.

जुना व्हिडिओ विद्यापीठाने काढून टाकला, पण तो कुणीही घ्यावा, वाटावा, अशी परवानगी पहिल्या दिवशीच दिलेली होती. शिकवणी वर्गवाल्यांनी तो आपापल्या नावाने चढवला आहे. विद्यापीठाला त्याबाबत काही करता येत नाही.

मी वॉर्ड सोडून वर्तमानपत्रात आले. त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे का, हे मला ठरवता आलेलं नाही.

मॅडम गोदामातूनच निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी सेवापुस्तकातला ठपका काढून टाकावा म्हणून विद्यापीठाकडे अर्ज केला. त्यासोबत आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या सह्यांची निवेदनं जोडली. अश्विनीचं निवेदन त्यांनी घेतलं नाही. ती दोनदा त्यांच्या घरी गेली होती.

गेल्या आठवड्यात मी बातमीदार म्हणून विद्यापीठात त्या अर्जाची चौकशी केली. अर्ज अभिप्रायासाठी ई-आशय केंद्राकडे पाठवला आहे, असं सांगण्यात आलं. केंद्रात विचारलं. ठोसर मागेच निवृत्त झाले. संचालकाचं पद रिकामं आहे आणि ते कधी भरणार, ते तिथल्या कुणाला माहीत नाही.